ब्रुकवूड : लंडनच्या मृतांसाठी लावलेलं जंगल

रानवाटा (सरे, इंग्लंड)

लंडन बघायला येणारे नातेवाईक, ओळखीचे लोक हल्ली हमखास विचारतात, "जमशेटजी टाटांची समाधी तिकडेच कुठेतरी आहे ना? जाता येईल का?" येईल. पण तेवढीच बघून, फोटो काढून पुढच्या गाडीनं परतायचं असेल तर त्या जागेवर अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा काढते आहे.

जागेचं नाव ब्रुकवूड. वॉटर्लूहून गाडीत बसलं की साधारण पाऊण तासात, वोकिंगच्या पुढचं स्टेशन. दक्षिणेच्या बाजूनं बाहेर पडलं की दफनभूमीची वाट तिथूनच सुरू होते. आज ही जागा सुमारे २२० एकर आहे आणि २,३५,०००हून जास्त माणसं इथं पुरलेली आहेत. एकेकाळी ही जगातली सगळ्यात मोठी दफनभूमी होती. चालताना मात्र दोन्ही बाजूंना आधी झाडंच दिसतात. उंचच उंच सेकोया, पाइन, ऱ्होडोडेंड्रॉनची दाट झुडपं, मधूनमधून हेदरचे पट्टे. दगड नंतर दिसायला लागतात.

हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. १८०१ साली लंडनची वस्ती दहा लाखांच्या आत होती, १८५१पर्यंत ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. पुरायची जागा मात्र होती तेवढीच, जेमतेम तीनशे एकर. चर्चच्या आवारात एका शवपेटीवर दुसरी, तिच्यावर तिसरी. नव्या माणसाला जागा करायची म्हणून जुन्याची हाडं उकरून काढायची. १८४८-४९च्या कॉलऱ्यात सुमारे चौदा हजार माणसं गेली आणि ही व्यवस्था पार कोलमडली. तेव्हा सर रिचर्ड ब्राउन आणि रिचर्ड स्प्राय या दोघांनी एक योजना मांडली. शहरापासून लांब, वस्ती कधी पोचणार नाही अशा ठिकाणी अफाट जमीन घ्यायची आणि मृतांना तिथं आगगाडीनं न्यायचं. १८५२मध्ये संसदेनं त्यासाठी कायदा केला, लंडन नेक्रोपोलिस कंपनी उभी राहिली आणि वोकिंगच्या माळावरची दोन हजार एकरांहून जास्त जमीन लॉर्ड ऑन्स्लो यांच्याकडून घेतली गेली. जमीन रेताड, शेतीच्या दृष्टीनं निकस. म्हणून स्वस्त मिळाली. त्या माळावर कंपनीनं झाडं लावली. कॅलिफोर्नियातल्या महाकाय सेकोयाचं बी ब्रिटनमध्ये आलं १८५३ साली आणि ब्रुकवूड उघडलं १८५४च्या नोव्हेंबरात. ब्रिटनच्या मातीत रुजलेल्या सुरुवातीच्या सेकोयांपैकी काही आज त्या रस्त्यांच्या कडेनं उभे आहेत.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. मृतांना नेणाऱ्या या आगगाडीला वर्ग होते, पहिला, दुसरा, तिसरा. जिवंत माणसांना होते तसेच मृतांनाही. जिवंतांचं तिकीट जाऊन-येऊन, शवपेटीचं फक्त जायचं. पहिल्या वर्गाच्या पेटीला एक पौंड (म्हणजे वीस शिलिंग), दुसऱ्याच्या पाच शिलिंग, तिसऱ्याच्या अडीच शिलिंग. दफनालाही वर्ग होते. पहिल्या वर्गात हवी ती जागा निवडता येई, हवं तसं स्मारक बांधता येई. तिसरा वर्ग म्हणजे ज्यांचा खर्च गावची धर्मादाय व्यवस्था करी, ते. त्यांना कायमचा दगड लावायचा हक्क नव्हता.

पण त्या काळच्या लंडनमध्ये गरिबाच्या वाट्याला सामायिक खड्डा यायचा. एका खड्ड्यात अनेक प्रेतं, वर माती. ब्रुकवूडमध्ये अगदी शेवटच्या वर्गातल्या माणसालाही स्वतःची स्वतंत्र कबर मिळाली. कंपनी नफ्यासाठी होती हे खरंच, तरीही हे घडलं. गाड्या १३ नोव्हेंबर १८५४ रोजी सुरू झाल्या. पहिलं दफन कोणा सरदाराचं नव्हतं. लंडनच्या साउथवर्क भागातल्या एका गरीब कुटुंबात मृत जन्मलेल्या जुळ्या बाळांचं होतं.

त्यामुळे ब्रुकवूडमध्ये झाडांखाली जी मोकळी हिरवळ दिसते ती मोकळी नाही. तिथं माणसं आहेत, फक्त नावं नाहीत. टाटांच्या समाधीपर्यंत जाताना आपण त्यांच्या शेजारून जातो. जाल तेव्हा पायवाट सोडू नका, आणि घाई करू नका, एवढीच विनंती.

टाटांबद्दल मुद्दामच कमी लिहिलं आहे. ज्यांना जास्त माहिती आहे ते इथं लिहितीलच.

---

दादरपारसी

रानवाटा, तुमचं लिखाण वाचून बरं वाटलं. आमच्या घरात ब्रुकवूडचं नाव लहानपणापासून ऐकलंय, म्हणून थोडी भर घालतो.

लंडनमधल्या पारशांनी १८६१मध्ये आपली संस्था काढली. दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते आणि नंतर कितीतरी वर्षं अध्यक्ष होते. दुसऱ्याच वर्षी, १८६२मध्ये, या संस्थेनं ब्रुकवूडमध्ये पारशांसाठी जागा घेतली. लोक विचारतात, पारशी लोक पुरतात कसे? आमच्यात मूळ रीत दोखम्याची, म्हणजे प्रेत उंच बांधकामावर उघड्यावर गिधाडांसाठी ठेवायची. माती, पाणी, अग्नी यांना प्रेताचा स्पर्श नको, हा त्यामागचा विचार. पण इंग्लंडमध्ये दोखमा नव्हता, गिधाडं नव्हती. जिथं दोखमा नसतो तिथं आरामगाह, म्हणजे पारशांची दफनभूमी असते, दिल्लीतसुद्धा आहे. ब्रुकवूड ही तशी आरामगाह.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइमला गेले. मुंबईला न आणता त्यांना ब्रुकवूडला पुरलं. त्यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८मध्ये कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्जमध्ये वारले, तेही तिथंच वडिलांजवळ आहेत. हे रतन टाटा वेगळे. २०२४च्या ऑक्टोबरात गेलेल्या रतन टाटांवर वरळीला अग्निसंस्कार झाले. जेआरडी पॅरिसला पेर लाशेझमध्ये आहेत. दरवर्षी कोणी ना कोणी या तिघांची गल्लत करतं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

आणि शापूरजी सकलातवाला. जमशेटजींचे भाचे, पण लंडनच्या बॅटर्सीतून ब्रिटिश संसदेत निवडून आलेले कम्युनिस्ट खासदार. १९३६मध्ये गेले. त्यांच्या अस्थीही ब्रुकवूडलाच आहेत. मामा गिरणीमालक, भाचा गिरणीकामगारांसाठी भांडणारा. दोघं एकाच जमिनीत.

---

जुनंखोड (पुणे)

लेख उत्तम आहे, माहितीही नवी आहे. पण एक शंका मनात आली ती विचारतो, राग मानू नये. आपल्याकडे स्मशानात माणूस पोचवायला जातात आणि परत आल्यावर आंघोळ करून घरात येतात. तिथं 'बघायला' जाणं, मुलाबाळांना घेऊन फिरणं, डबा खाणं, हे माझ्या मनाला पटत नाही. टाटांसारख्या माणसाच्या समाधीला नमस्कार करायला जाणं समजू शकतो. पण तिथल्या झाडांखाली सहल? ज्यांची माणसं तिथं आहेत त्यांना काय वाटत असेल?

---

रानवाटा

काका, राग कसला? तुम्ही विचारलंत ते बरं झालं, इतरांच्याही मनात हेच असेल.

ब्रुकवूड आजही चालू दफनभूमी आहे, तिथं अजून दफनं होतात. कुणाचा अंत्यविधी चालू असेल तर त्या बाजूला जायचं नाही, आवाज करायचा नाही, कुणाच्या कबरीजवळ पथारी पसरायची नाही. मी तरी तिथं डबा उघडत नाही. पण सुरुवातीपासून ही जागा लोकांनी येऊन चालावं, आपल्या माणसांजवळ थोडा वेळ घालवावा अशाच बेतानं आखली होती. सर विल्यम टाइट आणि सिडनी स्मर्क या वास्तुविशारदांनी रस्ते, झाडांच्या रांगा, चॅपलच्या (छोट्या प्रार्थनागृहांच्या) जागा यांचा नकाशा केला. स्टेशनंसुद्धा आतच होती, एक अँग्लिकनांसाठी, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या लोकांसाठी, दक्षिणेला आणि एक बाकी सगळ्यांसाठी उत्तरेला. पारशांची जागा उत्तरेच्या बाजूला आहे.

मुलांचं म्हणाल तर मी माझ्या मुलीला नेते. तिला मृत्यूची भीती वाटू नये म्हणून नव्हे. या देशात आपलं कोण कोण येऊन थांबलं आहे हे तिला माहीत असावं म्हणून.

---

वऱ्हाडीबाणा (नागपूर)

माझे आजोबा जमशेटजींच्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत जॉबर (मुकादम) होते, त्यांच्या आधी त्यांचे वडीलही तिथंच. आमच्या घरात जमशेटजींचा फोटो देवघराच्या बाजूच्या भिंतीवर होता, अजून आहे. नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ला. लोक टाटा म्हटलं की जमशेदपूर आणि ताज म्हणतात, पण या माणसाचा पहिला मोठा कारखाना आमच्या नागपुरात होता हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. १८८६मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड, १८९५मध्ये अपघात झाला तर भरपाई. त्या काळात हे बाकी कुठं होतं सांगा.

आता मिलच्या जागेवर मॉल आहे. चिमणी नाही, भोंगा नाही. आजोबा नेहमी म्हणायचे की शेठजींना शेवटचा नमस्कार करायला नागपुरातल्या कामगाराला जागाच नाही, ते साता समुद्रापलीकडे. रानवाटाताई, कधी गेलात तर नागपूरच्या वतीनं एक नमस्कार करा. खरंच करा, विसरू नका.

---

रानवाटा

येत्या रविवारीच करते, दादा. आजोबांचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा.

---

आर्या_परळ

दादरपारसींनी सर दोराबजी आणि मेहेरबाईंचा उल्लेख केला नाही, तो मी करते. माझ्या आईचे उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झाले, त्यामुळे या दोघांविषयी मला फार जवळचं वाटतं.

दोराबजी हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. लेडी मेहेरबाई टाटा १९३१च्या जूनमध्ये वेल्समधल्या रुदिनला ल्युकेमियानं गेल्या आणि ब्रुकवूडला त्यांची समाधी झाली. पुढच्या वर्षी दोराबजी तिच्या समाधीला भेट द्यायला युरोपला निघाले, पण वाटेत जर्मनीत बाड किसिंगेनला ३ जून १९३२ रोजी त्यांचाच अंत झाला. शेवटी त्यांनाही ब्रुकवूडमध्ये तिच्या शेजारीच जागा मिळाली. ल्युकेमियाच्या संशोधनासाठी त्यांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट केला, तो आजही संशोधकांना मदत करतो. स्वतःची जवळपास सगळी मालमत्ता त्यांनी दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली. त्याच ट्रस्टच्या पैशातून १९४१मध्ये परळचं हॉस्पिटल उभं राहिलं.

आईच्या केमोच्या दिवसांत मी त्या इमारतीच्या पायऱ्यांवर कितीतरी तास बसलेली आहे. नाशिकहून, बीडहून, थेट आसाम-बिहारमधून आलेली माणसं, फुटपाथवर चूल मांडून राहिलेली. त्या सगळ्यांचं एक टोक परळला आहे आणि दुसरं ब्रुकवूडच्या झाडांत, हे आजच्या धाग्यामुळे इतक्या स्पष्टपणे जाणवलं.

---

जुनंखोड

आर्याताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. आई आता बऱ्या आहेत ना?

---

आर्या_परळ

हो काका, बरी आहे. आत्ता शेजारी बसून हेच वाचते आहे.

---

उत्तरवारा (स्टॉकहोम)

वनातल्या दफनभूमीचा विषय निघाला आहे तर आमच्या इथल्या जागेबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. स्टॉकहोमच्या दक्षिणेला स्कूग्सशुर्कोगोर्डेन आहे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर त्याच नावाचं स्टेशन. १९९४पासून जागतिक वारसास्थळ आहे, आणि विसाव्या शतकातल्या वास्तूला हा मान तोवर फार क्वचित मिळाला होता.

ब्रुकवूडमध्ये माळावर झाडं लावली, इथं उलट. पाइनचं रान आधीच होतं, मधे वाळू-खडी उकरून काढलेले खड्डे होते. १९१५च्या स्पर्धेत गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेव्हेरेंट्झ या दोन तरुण वास्तुविशारदांची योजना निवडली गेली. त्यांनी ठरवलं की रान तोडायचं नाही, कबरी रानात ठेवायच्या. दगड छोटे, सगळ्यांचे साधारण सारख्या उंचीचे, पाइनच्या सरळ खोडांमध्ये रांगेनं. श्रीमंताची समाधी मोठी, गरिबाची लहान, असा प्रकार इथं जवळपास नाहीच. रानवाटांनी तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं आहे ते वाचून हा फरक मला पहिल्यांदाच इतका ठळक दिसला.

मी स्वतः वास्तुकलेच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे तपशिलात गेलो तर समजून घ्या. प्रवेशद्वारातून आत आलं की समोर मोकळं गवत, चढ आणि काळा ग्रॅनाइटचा क्रॉस. उजवीकडे एक टेकडी, तिच्यावर झाडांचा चौकोन. वर चढायला पायऱ्या आहेत आणि त्या वर जाताना हळूहळू कमी उंचीच्या होत जातात. दुःखात असलेला, वयस्कर माणूस वर पोचेपर्यंत दमू नये म्हणून. हे पायांना कळतं, डोळ्यांना कळत नाही. टेकडीपासून जंगलातून सरळ रेषेत एक वाट निघते, ८८८ मीटर लांब, आणि ती लेव्हेरेंट्झच्या १९२५च्या पुनरुत्थान चॅपलपाशी संपते. सुरुवातीला कडेला बर्च, पुढे गर्द सदाहरित झाडं. चॅपलच्या दाराशी पोचेपर्यंत उजेड कमी कमी होत जातो. अंत्यविधीला आलेल्या माणसाला काय सोसवेल आणि काय नाही याचा इतका विचार मी दुसऱ्या कुठल्या वास्तूत पाहिलेला नाही.

आस्प्लुंडचं वनचॅपल १९२०चं, आकारानं लहान, बाहेरून जंगलातल्या झोपडीसारखं. त्याचं शेवटचं काम म्हणजे १९४०मध्ये पुरं झालेलं दाहगृह. त्याच वर्षी तो गेला आणि त्याची राखही तिथंच आहे. ग्रेटा गार्बोच्या अस्थीही १९९९मध्ये इथं आणल्या. नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी संध्याकाळी हजारो कुटुंबं मेणबत्त्या लावायला येतात. त्या दिवसात इथं दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी त्या दिवशी घेऊन जातो.

---

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

उत्तरवारा, फारच सुंदर लिहिलंय.

कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. युरोपातल्या झाडीत विसावलेल्या आपल्या माणसांमध्ये एक छत्रपतीसुद्धा आहेत. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७०मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. बरोबरच्या लोकांनी हट्ट धरला की दहन आपल्या रीतीनंच झालं पाहिजे. त्या काळी इटलीत असं दहन जवळपास कुणी पाहिलेलं नव्हतं, तरी परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, काशिने नावाच्या वनराईच्या टोकाला, अग्निसंस्कार झाला. संगम मुद्दाम निवडला. पुढे १८७४मध्ये तिथं छत्री उभारली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, इंग्रज शिल्पकार फुलर यांनी केलेला. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंदियानो' म्हणतात आणि जवळच्या पुलालाही तेच नाव आहे.

फ्लॉरेन्सला जाणारे मराठी लोक मायकेलअँजेलोच्या डाव्हिडच्या पुतळ्यासाठी दोन तास रांगेत उभे राहतात. काशिनेच्या टोकाला मात्र फार थोडे जातात. जावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

---

रानवाटा

रंकाळाकाठ, याच संदर्भात ब्रुकवूडच्या शेजारची एक गोष्ट. ब्रिटनमधलं पहिलं दाहगृहसुद्धा वोकिंगलाच झालं, आणि त्याची जमीन १८७८मध्ये याच नेक्रोपोलिस कंपनीकडून विकत घेतलेली. पहिलं दहन मार्च १८८५मध्ये. म्हणजे कोल्हापूरच्या महाराजांना फ्लॉरेन्समध्ये अग्नी दिला गेला तेव्हा ब्रिटनमध्ये एकही दाहगृह नव्हतं. आज इथली कितीतरी मराठी कुटुंबं आपल्या माणसांना शेवटचा निरोप वोकिंगमध्येच देतात. कोविडच्या काळात आमच्या ओळखीतल्या एका काकूंना मुलाचा अंत्यविधी साताऱ्याहून फोनच्या पडद्यावर बघावा लागला होता. नंतर त्या आल्या तेव्हा मी त्यांना दाहगृहाच्या बागेत घेऊन गेले. ब्रुकवूडला त्यांनीच चल म्हटलं.

---

सैनिकपुत्र (सातारा)

सैनिकांचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही. ब्रुकवूडच्या एका भागात लष्करी दफनभूमी आहे, ३७ एकर, ब्रिटनमधली राष्ट्रकुलाची सगळ्यात मोठी. दोन्ही महायुद्धांतल्या पाच हजारांहून जास्त कबरी तिथं आहेत. शेजारी अमेरिकनांची वेगळी जागा आहे, ४६८ कबरींची.

पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांना ब्रायटनच्या इस्पितळांत ठेवत. हिंदू आणि शीख सैनिक गेले तर ब्रायटनजवळच्या टेकडीवर दहन होई, १९२१पासून तिथं पांढरी छत्री आहे. मुसलमान सैनिकांसाठी वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ हॉर्सेल माळावर वेगळी दफनभूमी केली होती. तिथं पुढे नासधूस व्हायला लागली, म्हणून १९६८मध्ये तिथले सैनिक ब्रुकवूडच्या लष्करी भागात आणले. हॉर्सेलच्या जुन्या जागेत आता शांतीबाग आहे, सत्तावीस सैनिकांसाठी हिमालयातल्या भूर्जांची सत्तावीस झाडं. एका दिवसात दोन्ही ठिकाणं होतात. आमच्या जिल्ह्यातल्या गावागावांत पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांच्या पाट्या आहेत, त्यामुळे मला ही जागा परकी वाटत नाही.

---

शिवडीकर

इतक्या लांब जाता येत नसेल त्यांच्यासाठी : आमच्या शिवडीची ख्रिस्ती दफनभूमीही जुनी, गर्द झाडीची आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात सुरू झाली, त्याआधी तिथं वनस्पती उद्यान होतं. व्हीटी स्टेशनचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट, दोघंही तिथंच आहेत. मुंबईकर रोज ज्या इमारतींमधून जातात त्या बांधणारी माणसं मुंबईतच झाडांखाली आहेत, आणि बहुतेकांना पत्ता नाही. मुंबईनं त्यांची याहून जास्त आठवण ठेवायला हवी, असं मला वाटतं.

---

उत्तरवारा

वास्तुविशारदांचा विषय निघाला म्हणून : झाहा हदीदही ब्रुकवूडमध्ये आहे, २०१६पासून, मुस्लिम भागात, वडील आणि भावाजवळ. कुराणाचे इंग्रजी अनुवादक मार्माड्यूक पिकथॉल आणि अब्दुल्ला युसुफ अलीही तिथंच. पिकथॉल तर बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक होते, मुंबईत राहिलेले.

---

पळसफूल (ठाणे)

सगळा धागा एका बैठकीत वाचला. रानवाटा, ती मृतांची आगगाडी कधी बंद झाली? लंडनमधलं तिचं स्टेशन अजून आहे का? आणि एक व्यावहारिक प्रश्न : मे महिन्यात आम्ही येतोय, सासूबाई बरोबर आहेत, त्यांना फार चालवत नाही. जमेल का?

---

रानवाटा

सुरुवातीला रोज गाडी सुटायची. १९००नंतर फेऱ्या कमी होत गेल्या. मोटारीनं प्रेत नेणं सुरू झालं तसा गाडीचा उपयोग उरला नाही. १६ एप्रिल १९४१च्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधलं स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि ती सेवा पुन्हा सुरू झाली नाही. पण वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर १२१ क्रमांकाची इमारत अजून उभी आहे, ती कंपनीची कचेरी आणि पहिल्या वर्गाच्या लोकांचं प्रवेशद्वार होतं. वॉटर्लूपासून पायी पाच-दहा मिनिटं. ब्रुकवूडला जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी तिच्यासमोर थोडं थांबा. तिकिटांचे दर कायद्यानं बांधलेले होते, १८५४चेच दर पुढे ८५ वर्षं राहिले. बाकीच्या रेल्वेपेक्षा भाडं इतकं कमी पडायचं की गरीब माणसाला आपल्या माणसाच्या दफनाला जाणं परवडायचं. मला त्या कायद्यातलं हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

सासूबाईंसाठी : मे महिना उत्तम, ऱ्होडोडेंड्रॉन तेव्हाच फुलतात. मुख्य रस्ते सपाट आणि डांबरी आहेत, गाडी आत नेता येते. कडेच्या वाटा मात्र खडबडीत, पाऊस पडून गेला असेल तर चिखल. जागा मोठी आहे, म्हणून आधी पारशी भाग, मग गाडीनं लष्करी भाग असं करा. दोन्ही बाजूंना विभागणारा सेमेटरी पेल्स नावाचा सार्वजनिक रस्ता आहे, तिथून सगळीकडे जाता येतं. समाधीची इमारत बाहेरूनच बघायची. इराणी धाटणीची आहे, पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीची आठवण करून देणारी. फुलं न्यायची असतील तर प्लास्टिक काढून न्या. ब्रुकवूड सेमेटरी सोसायटी मार्गदर्शनासह फेऱ्या काढते, तारखा आधी बघून घ्या. २०१४मध्ये जागा वोकिंगच्या नगरपालिकेनं घेतली, त्याआधी फार हेळसांड झाली होती. अजूनही काही कोपरे झुडपांत बुडालेले आहेत, पण काम चालू आहे.

---

दादरपारसी

पळसफूल, पारशी भागात जाताना डोकं झाकलं तर चांगलं, रुमालही चालेल. कुणी विचारत नाही, पण आमच्याकडे प्रार्थनेच्या जागी तशी रीत आहे. आणि वाडियांची समाधीही त्याच भागात आहे, ती चुकवू नका.

---

वऱ्हाडीबाणा

रानवाटाताई, आजोबांचं नाव पाठवलं आहे. आमच्या मिलमधल्या खात्याचं नावही लिहिलंय, तेही घ्या. घरी सगळ्यांना सांगितलं आहे.

---

जुनंखोड

माझ्या पहिल्या प्रश्नाला इतकी उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं. नातू ऑक्टोबरपासून गिल्डफर्डला शिकायला जातो आहे. वोकिंग तिथून किती लांब?

---

रानवाटा

दहा मिनिटं गाडीनं, काका, आणि वोकिंगहून ब्रुकवूड पुढचंच स्टेशन. त्याला माझा नंबर द्या, पहिल्या रविवारी मी स्टेशनवर येते.